आधी पाडस, मग आई

ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळात शिरीष घोगळेला दोन नावं होती. तोंडावर 'राजे' आणि पाठ फिरली की 'राक्षस'. आता गणपतीत टाळ कुटून आरती म्हणणारा, मोदकाच्या कळ्या बायकांपेक्षा सुबक पाडणारा माणूस शनिवार उजाडला की बंदूक घेऊन हार्ट्सच्या डोंगरात हरणं मारायला जातो, हे लोकांना पचायचं कसं? मालिनीकाकूंनी एकदा भर पंगतीत विचारलं, "अहो घोगळे, ज्या हातानं बाप्पाला दूर्वा वाहता त्याच हातानं?" शिरीष नुसता हसला आणि आणखी एक मोदक वाढून घेतला. दिवाळीनंतर याच मालिनीकाकूंचे यजमान रिकामा डबा घेऊन दारात हजर. "ते हरणाचं सुकं उरलंय का हो थोडं? हिला मात्र कळू देऊ नका." घ्या! नावं ठेवायला बायको पुढं आणि डबा धरायला नवरा.

शिरीषला या नावांचं काही वाटायचं नाही. तो कुडाळकडच्या खेड्यातला. वडिलांकडे, गुरुदत्त घोगळ्यांकडे, ठासणीची बंदूक होती. भातात घुसणाऱ्या डुकरांसाठी तिचं रीतसर लायसनही होतं. संध्याकाळी रानातून भेकराचा आवाज आला, कुत्र्यासारखा कोरडा आणि तुटक, की वडील हातातलं काम थांबवून कान द्यायचे. "भेकर उगाच भुकना नाय रे झिला. मागे कायतरी आसता." पुढं शिरीष पुण्यात इंजिनियर झाला, जर्मनीत आला, साधनाशी लग्न केलं, अन्वी झाली, आणि ते रान मागं पडलं. मग एका सुट्टीत तिघं हार्ट्समध्ये फिरायला गेले असताना संध्याकाळच्या झाडीतून तोच आवाज आला. शिरीष जागच्या जागी थांबला. इथलं ते बुटकं हरीण, ज्याला जर्मन लोक रे म्हणतात, तेही भेकरासारखंच भुंकतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. साधना अजून म्हणते, त्या संध्याकाळी हा माणूस माझ्या हातचा गेला.

नोकरी वोल्फ्सबुर्गला, गाड्यांच्या कारखान्यात. काम ऐकाल तर हसाल. आवाज शोधणं! नव्या गाडीत काहीतरी कुरकुरतं, करकरतं, चिवचिवतं. ते नेमकं कुठून येतंय हे गाडीत बसून, कान टवकारून हुडकायचं आणि बंद करायचं. घरी नळ ठिबकला तरी साहेबांची झोप उडणार. "अरे, ऑफिस तिकडं ठेवून येत जा ना," साधना वैतागायची. जंगलात मात्र तो कान निवायचा, कारण तिथं चुकीचा म्हणावा असा आवाजच नव्हता.

जर्मनीत शिकारीचा परवाना म्हणजे पोरखेळ नाही. वर्षभर संध्याकाळचे वर्ग, कायदा, झाडं, जनावरांचे रोग, बंदुका, आणि शेवटी परीक्षा. शिरीषचा अभ्यास घेतला तो सात वर्षांच्या अन्वीनं. सोफ्यावर मांडी ठोकून ही चिमुरडी प्रश्न विचारायची आणि बापाचं चुकलं की "फाल्श!" म्हणून खिदळायची. त्यातला एक नियम तिला चालीवर म्हणायला फार आवडायचा. 'एर्स्ट दास किट्स, डान दी रिके.' आधी पाडस, मग आई. हरणी आणि पाडस बरोबर असतील आणि हरणी मारायचीच असेल, तर पहिली गोळी पाडसाला. हे ऐकून साधनानं कानांवर हात ठेवले. "शी! कसली निर्दय माणसं!" तर अन्वीनं आईलाच समजावलं, की अगं, आई गेली तर पिल्लू थंडीत एकटं मरतं, हळूहळू मरतं, म्हणून. सगळं अर्थात जर्मनमध्ये. घरात तिला मराठीत विचारलं तरी उत्तर जर्मनमध्येच यायचं, सगळ्याच मराठी घरांत येतं तसं.

पण एक जागा होती जिथं अन्वी मराठी बोलायची. मचाणावर. आणि कारण काय, तर खाली हेर, म्हणजे श्रीयुत, ओपरमान असायचे. हे ओपरमान म्हणजे निवृत्त दंतवैद्य. सरकारी जंगलाला लागून असलेला शिकारीचा एक पट्टा, रेव्हियर, त्यांनी भाड्यानं घेतलेला होता, आणि शिरीषला त्यांनी हाताखाली घेतलं होतं. म्हातारा तोंडाचा फटकळ, पण जिवाचा चांगला. त्यांना कळू नये म्हणून बाप-लेक वर बसून मराठीत कुजबुजायची. "बाबा, त्यांच्या मिशीत पावाचा तुकडा अडकलाय." "हसू नकोस गं, जनावर पळेल." त्या कुजबुजीसाठी शिरीष पहाटे चारला उठायचा, हरणासाठी नव्हे. त्याला स्वतःलाही हे ठाऊक होतं.

ओपरमाननं त्याला ओकर नदीत मासे धरायलाही शिकवलं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर अलगद टाकायची, मासा भुलला की ओढायचा. आणि अन्वीला दिली एक लाकडी पिपाणी, बोटाएवढी, दोरीत ओवून गळ्यात घालायची. फुंकली की बारीक 'पीं' असा आवाज निघायचा. हरणी आणि पाडस एकमेकांना याच आवाजात हाका मारतात. "मासा भुकेपोटी फसतो," ओपरमान म्हणाले, "हरीण मात्र या हाकेला फसतं. म्हणून ही जपून वाजवायची, बरं का, गंमत म्हणून नाही." अन्वीनं शहाण्यासारखी मान डोलावली आणि आठवडाभर घरात पीं पीं करून साधनाला वेड लावलं.

या लोकांची आणखी एक रीत शिरीषला फार भावली. हरीण पडलं की ओपरमान आधी टोपी काढायचे, मग एक हिरवी डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवायचे. शेवटचा घास. त्याआधी कुणी सुरीला हात लावायचा नाही. शिरीषनं अन्वीला सांगितलं, "आपल्याकडे माणूस गेल्यावर तोंडात तुळशीचं पान ठेवतात ना, तसंच हे." तेव्हापासून ती डहाळी अन्वीच मोडून द्यायची.

सन दोन हजार सातचा जून. कुरणातलं गवत कापायचं होतं. कापणीचं यंत्र फिरायच्या आधी शिकारी माणसं रांग धरून गवत तुडवत जातात, कारण हरणी आपलं पिल्लू उंच गवतात ठेवून चरायला जाते आणि ते पिल्लू, काहीही झालं तरी, पळत नाही. जमिनीला चिकटून पडून राहतं. आईनं सांगितलंय ना, हलू नकोस, मग हलायचं नाही. यंत्र अंगावर आलं तरी नाही. अन्वीच्या पायाशीच एक सापडलं. तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांचं, सशाहून जरा मोठं. माणसाचा वास लागला तर आई टाकून देईल म्हणून तिनं दोन्ही हातांत गवताचा भारा घेतला आणि त्यावर पाडस उचलून झुडपाच्या सावलीत नेलं. कडेला उभी राहून त्याची आई भुंकत होती, भॉ, भॉ, अगदी भेकरासारखी. ओपरमाननं पाडसाच्या कानात नोंदीचा बिल्ला अडकवला. रंग अन्वीनं निवडला, पिवळा. नाव ठेवलं चिंगी. परतताना गाडीत ती सबंध वेळ मराठीत बोलत होती, आणि त्यांना न्यायला आलेल्या साधनानं आरशातून शिरीषकडे असं पाहिलं की त्याला पोट भरल्यासारखं झालं.

ऑक्टोबरात ती हरणी गाडीखाली आली. मेली नाही. मागचा पाय खुब्यातून ओढत चालायची. ओपरमाननं शिरीषला गाठून सांगितलं, "ती लंगडी हरणी दिसली तर तिला सोडवा. हाल बघवत नाहीत. पण तिच्यासोबत पाडस आहे. नियम ठाऊक आहे ना?" शिरीष म्हणाला, "हो, हो, क्लार, ठाऊक आहे." त्या शनिवारी अन्वी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती, म्हणून मचाणावर तो एकटाच चढला.

दिवस कलताना ती आली. तीन पायांवर, थांबत, धापा टाकत. मागून पाडस. ठिपके गेले होते, अंगानं भरलं होतं. शिरीषनं दुर्बिणीतून आधी पाडसावर नेम धरला, शिकवल्याप्रमाणे. आणि डाव्या कानात पिवळा बिल्ला दिसला.

बोट चालेना. चालणार कसं? ज्या पोरीनं हिला गवतावर उचलून नेलं, तिला आज रात्री जेवताना काय सांगायचं? हरणी तर मरणारच आहे, तिला सोडवणं हे पुण्यच. पण ही एवढी मोठी झालीय, गवत खाते, निभेल. निभेल रे, त्यानं स्वतःला सांगितलं. नियम करणाऱ्यांना काय, त्यांच्या पोरींनी कुणाला कडेवर घेतलेलं नसतं. त्यानं नळी दोन वीत बाजूला सरकवली आणि हरणीवर गोळी झाडली. ती जागेवरच पडली. नेम अचूक होता. चूक नेमात नव्हती.

पाडस उडी मारून झुडपात गेलं. शिरीष खाली उतरायच्या आतच परत आलं. आईच्या मानेला नाकानं ढोसलं. मग पोटाला. मग 'पीं' केलं. परत 'पीं'. शिरीषनं टाळ्या वाजवल्या, हातवारे केले, शेवटी मराठीत ओरडला, "जा ना गं! जा!" ते झुडपापर्यंत गेलं आणि वळून उभं राहिलं. त्याच्या देखत सुरी काढून हरणी साफ करायला शिरीषला लाज वाटली. त्यानं हरणी कशीबशी ओढत गाडीशी नेली, घातली आणि गाडी सुरू केली. अर्ध्या वाटेत त्याच्या ध्यानात आलं की तोंडात डहाळी ठेवायची राहून गेली. शेवटचा घास दिलाच नाही. मागं वळावं असं वाटलं, पण तिथं ते उभं असणार. तो वळला नाही.

"एकटीच होती?" ओपरमाननं विचारलं.

"एकटीच," शिरीष म्हणाला.

म्हाताऱ्यानं जरा जास्तच वेळ त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग रीतीप्रमाणे अभिनंदन करून एक डहाळी त्याच्या टोपीत खोचायला दिली. ती खोचून शिरीष घरी आला. साधनानं दुसऱ्या दिवशी मालवणी मसाला घालून सुकं केलं, वास जिन्यापर्यंत दरवळला. शिरीषनं एक घास तोंडात घेतला आणि ताट सरकवलं. ॲसिडिटी झालीय म्हणाला.

सोमवारी चाचणीच्या गाडीत बसला, तर पीं. त्यानं गाडी थांबवली. डावीकडच्या हवेच्या जाळीतून येतोय बहुतेक. जाळी काढली. पुढं सरकला, परत पीं. बरोबरचा तंत्रज्ञ भला माणूस, त्यानं अर्धा डॅशबोर्ड सोडवून मांडीवर घेतला. "हेर घोगळे, मला तर काही ऐकू येत नाही." शिरीष चिडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आवाज ऐकू येत होता आणि जागा सापडत नव्हती. मग तो आवाज लिफ्टच्या दारात आला, मीटिंगमध्ये कुणाच्या तरी खुर्चीतून आला, आंघोळीच्या पाण्यातून आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असावं. वडिलांचं बोलणं सारखं आठवायचं. उगाच भुकना नाय. मागे कायतरी आसता.

आणि एक दिवस घरात शिरताना तो आवाज खरोखरच आला. अन्वीच्या खोलीतून. पीं… पीं. दार उघडलं तर पोरगी पिपाणी तोंडात धरून खिडकीशी बसलेली.

"ओपरमानकाकांचा फोन आला होता," ती म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, घरात. "पिवळ्या बिल्ल्याचं पाडस एकटंच उभं असतं म्हणे, त्या मचाणासमोर. रोज. वाळलंय. बाबांना सांग म्हणाले, ज्यानं आई नेली त्यानं हेही न्यायला हवं." तिचे डोळे भरले. "गाडीनंच मारलं असणार ना तिच्या आईला? लंगडत होती ना ती?"

बघा, देवानं कशी आयती पळवाट दिली होती! नुसतं 'हो' म्हणायचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिरीष 'हो' म्हणाला नाही, 'नाही'ही म्हणाला नाही. "बघू आपण," एवढंच पुटपुटून हात धुवायला गेला. मागून परत पीं सुरू झालं. चिंगीला एकटं वाटू नये म्हणून अन्वी सराव करत होती. पन्नास किलोमीटरवरच्या पाडसाला ऐकू जावं म्हणून नव्हे, एवढी खुळी ती नव्हती, पण तिला तेवढंच करता येत होतं. शिरीष बाथरूममध्ये नळ सोडून कितीतरी वेळ उभा राहिला.

नोव्हेंबरात बर्फ पडला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मीही येणार," अन्वी म्हणाली. साधनानं नको नको म्हटलं, पण अकरा वर्षांची पोर हटून बसली. "मीच उचललं होतं तिला." काय करायला चाललोत हे तिला माहीत होतं. शिकाऱ्यांमध्ये वाढलेली पोर ती, असलं पाडस कुणी पाळायला नेत नाही हे ओपरमाननं तिला फोनवरच सांगितलं होतं. ओपरमान खाली गाडीशी थांबले, बाप-लेक मचाणावर चढली. समोर सगळं पांढरं. हरणी जिथं पडली होती तिथं बर्फात एक वितळलेला गोल होता. कुणीतरी तिथं रोज येऊन निजत होतं. पाडस मात्र दिसेना.

शिरीषनं बंदूक कठड्यावर टेकवली. मग अन्वीनं कुजबुजत विचारलं, "बाबा, गाडीनंच ना?"

शिरीषला वाटलं, आता खोटं बोललो तर हा आवाज मेल्यावरही पाठ सोडणार नाही. "नाही गं. मी मारली."

"चिंगी बरोबर नव्हती?"

"होती."

अन्वीनं त्याच्याकडं पाहिलं. ओठ हलले, तीच लहानपणची चाल, पण आवाज न काढता. आधी पाडस, मग आई. "मग तू आधी हिला का नाही…?"

"तुझी होती म्हणून," शिरीष म्हणाला. "तुझ्यासाठी सोडली मी तिला."

बोलला आणि त्याच क्षणी त्याला कळलं की आपण काय करून बसलो. पण तोंडातून गेलेला शब्द आणि नळीतून सुटलेली गोळी परत थोडीच येते? अन्वी खाली, त्या वितळलेल्या गोलाकडं बघत राहिली.

"म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली.

"नाही, नाही गं बाळा, माझंच चुकलं, तुझा काय संबंध…" शिरीष काय काय बोलत राहिला. ती ऐकत नव्हती. तिनं बाहीनं नाक पुसलं आणि स्वेटरच्या आतून पिपाणी बाहेर काढली.

"मी बोलावते तिला," ती म्हणाली. "या वेळी सोडू नकोस."

तिनं फुंकलं. पीं. थांबली. पीं. इतकं हुबेहूब की शिरीषनं नकळत झुडपाकडं पाहिलं. दुसऱ्या हाकेला झुडूप हललं आणि ते बाहेर आलं. बरगड्या मोजून घ्याव्यात, कातडीवर चमक नाही, पण कान टवकारलेले आणि पाय भराभर पडत होते. धावतच आलं. त्याला वाटलं, आई आली. इतक्या दिवसांनी आली एकदाची. उघड्यावर येऊन त्यानं मान वर केली आणि इकडं तिकडं शोधलं. शिरीषनं गोळी झाडली.

खाली उतरल्यावर अन्वीनं स्प्रूसची डहाळी मोडली आणि पाडसाच्या तोंडात ठेवली. मग विचारलं, "तिच्या आईला दिला होतास घास?"

"नाही. राहून गेलं."

तिनं दुसरी डहाळी मोडली, त्या वितळलेल्या गोलात नेऊन ठेवली आणि गाडीकडं चालू लागली. ओपरमान टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं आणि केव्हाच ओळखलंही होतं. शिरीषच्या टोपीत खोचायला त्यांनी डहाळी दिली नाही, त्यानं मागितली नाही.

त्यानं बंदूक विकून टाकली. मंडळात लोकांनी चेष्टा केली. "काय राजे, गादी सोडली?" तो म्हणायचा, पाठ दुखते. साधनाला मात्र त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुला दया आली रे, त्यात पाप कसलं?" शिरीषनं मान हलवली. "दया कसली? मला पोरीच्या डोळ्यांत चांगलं राहायचं होतं. त्यासाठी ते पिल्लू महिनाभर मारलं मी." साधनानं त्याचा हात धरला आणि तशीच बसून राहिली.

अन्वी वाढत होती. रागावली नव्हती, अबोलाही धरला नव्हता. शाळेतलं सांगायची, हसायची, सगळं जर्मनमध्ये. मराठी तेवढी थांबली. पिपाणी तिनं कुठं टाकली की ठेवली, शिरीषनं विचारलं नाही. तो शनिवारी आता फक्त ओकरवर जायचा, गुडघाभर पाण्यात उभा राहून खोटी माशी टाकायचा, मासा लागला की सोडून द्यायचा. खरं सांगायचं तर नदी खळखळते म्हणून जायचा. त्या खळखळाटात पीं ऐकू येत नसे. ऑफिसात यायचं, झोपेत यायचं, पण पाण्यात नाही.

दोन हजार नऊच्या ऑक्टोबरात, उन्हं उतरताना, तो असाच उभा होता. आणि पाण्यावरून आवाज आला. पीं.

शिरीष थिजला. आता इथंही? दोन वर्षं या आवाजाकडं दुर्लक्ष करायची त्यानं सवय लावून घेतली होती, म्हणून मान खाली घालून दोर गुंडाळत राहिला. परत आला. पीं. काठावरच्या झुडपांतून, नक्की तिथून. या वेळी जागा सापडत होती. त्याचे पाय आपोआप तिकडं वळले. पाण्यातून बाहेर पडला, गोट्यांच्या उघड्या पट्ट्यावर आला, हाकेच्या दिशेनं चालत राहिला, आणि मधोमध आल्यावर त्याला उमगलं की आपण काय करतोय. हाक आली आणि आपण निघालो. उघड्यावर. कोण बोलावतंय ते न बघता. तो होता तिथंच उभा राहिला. त्यानं मान वर केली आणि इकडं तिकडं शोधलं.

झुडपामागून अन्वी पुढं आली. तेरा वर्षांची, उंच झालेली, ओठांशी पिपाणी. लांब रस्त्यावर गाडीशी साधना उभी होती; पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जाईना म्हणून पोरीनं पिपाणी काढली असावी. बापाला असं उघड्यावर थांबलेलं, मान वर करून शोधताना पाहिलं आणि तिचा हात हळूहळू खाली आला. कसं उभं राहतात असं, ते तिनं एकदा पाहिलं होतं.

"ये ना, बाबा," ती मराठीत म्हणाली. "ये. मीच आहे."

आणि तो गेला.